लहान फौज आणि बरोबरीचा डाव



कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने खेळण्यातल्या सैनिकांवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना हसू आले असेल. त्याचे आम्ही वाईट मानीत नाही. परंतु दोन असमान बाजू एका टेबलाशी आणून बसवायच्या आणि त्यांच्यातला व्यवहार निदान न्यायाच्या जवळपास न्यायचा, हाच आमचा जन्माचा उद्योग. त्या उद्योगातला एक जुना प्रश्न एका खेळात अगदी उघडा, इंचांनी आणि आकड्यांनी मोजता येईल अशा रूपात आम्हाला आढळला, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवीत आहोत. प्रश्न असा : दोन्हीकडच्या फौजा लहान केल्या, तर लढत बरोबरीची होते काय?

आधी खेळ समजून घेऊ. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, बुरुजावर तोफ ठेवतात. आपल्याकडे मांडून झाले, शेजाऱ्यांनी पाहून झाले, की काम संपले. आता अशी कल्पना करा की समोरासमोर दोन मुले बसली आहेत, दोघांपुढे आपापले सैनिक आहेत, आणि पाळीपाळीने ती ते सैनिक पुढे सरकवीत आहेत. कोण किती इंच चालेल, कोणाची बंदूक किती इंचांवर पोचेल, हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले. अंतर टेपने मोजायचे. गोळी लागली की चुकली, ते फाशाने ठरवायचे. मेलेला सैनिक टेबलावरून उचलायचा. हीच टेबलावरची लढाई.

हिचे मूळ पोरखेळात नाही. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि एक मध्यस्थ घेऊन खेळायच्या युद्धाचे नियम छापले, ते सेनाधिकाऱ्यांना शिकविण्यासाठी. पुढे इंग्लंडात एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून ही लढाई शिसाच्या सैनिकांसह घरातल्या जमिनीवर आणली. आज या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने 1987 साली काढलेला ‘वॉरहॅमर 40,000’. भविष्यकाळातली, राक्षसांची आणि यंत्रांची ती काल्पनिक युद्धे आहेत. आमचे बरेचसे दाखले याच खेळातले असतील.

खऱ्या युद्धात बरोबरी कोणालाच नको असते. जो सेनापती शत्रूएवढीच फौज घेऊन, शत्रूच्या सोयीच्या जागी लढतो, त्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. गनिमी काव्याचे सारे सार बरोबरीची लढाई टाळण्यात आहे. खेळात मात्र बरोबरी लागते. दोन माणसे संध्याकाळचे तीन तास खर्च करणार. निकाल आधीच ठरलेला असेल तर एकाची संध्याकाळ फुकट गेली, आणि दुसऱ्याच्या विजयाला चव राहिली नाही.

बुद्धिबळाने हा प्रश्न सोपा करून टाकला. दोन्हीकडे सोळाच मोहरे, तेच राजा-वजीर, तेच हत्ती-घोडे. आमच्या या खेळात तसे नाही. एकाकडे थोडे पण चिलखती योद्धे, दुसऱ्याकडे झुंडीच्या झुंडी. मग बरोबरी कशी साधायची? त्यासाठी प्रत्येक तुकडीला गुणांत किंमत लावतात. दोघांनी ठरवायचे की आज दोन हजार गुणांची फौज. ज्याने त्याने त्या रकमेत बसेल अशी तुकड्यांची खरेदी करायची. कामगारांच्या सभेत आम्ही याला वेतनश्रेणी म्हणू. फिटरची किंमत अमुक, हेल्परची तमुक. श्रेणी बरोबर लागली असेल तर भांडण नाही. चुकली असेल तर सारी भांडणे तेथून निघतात.

या किमतींवाचून लोकांचे चालत नाही, हेही अनुभवाने सिद्ध झाले. याच कंपनीने 2015 साली ‘एज ऑफ सिग्मार’ नावाचा नवा खेळ गुणांवाचून काढला. ज्याला जे मांडायचे ते त्याने मांडावे, असा उदार कारभार. पुढच्याच वर्षी, 2016 साली, कंपनीला गुणांचे कोष्टक छापावे लागले. उदारपणा चांगला, पण अनोळखी माणसाशी व्यवहार करताना लिखापढी लागते.

आता प्रश्नाकडे येऊ. मोठ्या फौजांना कंटाळलेले बरेच खेळाडू म्हणतात की दोन हजारांऐवजी हजार किंवा पाचशे गुणांनी खेळा, म्हणजे समतोल आपोआप सुधारेल. त्यांची कारणे वाऱ्यावर सोडण्यासारखी नाहीत. मोठ्या फौजेत एक तुकडी दुसरीला बळ देते, दुसरी तिसरीला, आणि जुना खेळाडू अशी साखळी जोडतो की नवख्याला काय झाले तेच कळत नाही. लहान फौजेत साखळीच्या कड्या कमी. नियम डोक्यात मावतात. विसरल्यामुळे होणारे पराभव कमी होतात. एवढे खरे आहे, आणि आम्ही ते मान्य करतो.

परंतु किमती कोणत्या मापाने लागल्या आहेत, हा पहिला सवाल. कंपनी स्पर्धांचे निकाल पाहून वेळोवेळी किमती खालीवर करते. 2021 पासून तिने समतोलासाठी सुधारणापत्रके काढण्याची पद्धतही सुरू केली. कोणत्याही फौजेने शंभरांत 45 ते 55 डाव जिंकावेत, अशी तिची अपेक्षा असते. मोठ्या स्पर्धा खेळल्या जातात त्या बहुतांशी दोन हजार गुणांच्या. म्हणजे दर ठरला तो मोठ्या कामावर, आणि आपण तो लावायला निघालो लहान कामाला.

नगावर काम करणाऱ्या कामगाराला यातली मेख लगेच कळेल. लेथवर एका भागाचे हजार नग काढायचे असले तर हत्यारे जोडण्यात गेलेला अर्धा तास हजार नगांवर वाटला जातो. त्याच भागाचे दहाच नग काढायला सांगितले, तर तोच अर्धा तास दहा नगांच्या डोक्यावर बसतो. दर तोच ठेवला तर कामगार बुडतो. दरात लबाडी नाही. पण तो दुसऱ्या मापाचा आहे.

खेळात हे कसे घडते, ते एका सोप्या हिशेबाने पाहू. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. शंभर गुणांचा एक नायक आहे. तो स्वतः फारसा लढत नाही, पण जवळच्या प्रत्येक तुकडीचे बळ एक दशांशाने वाढवितो. प्रत्येक तुकडी शंभर गुणांची धरा. मोठ्या फौजेत त्याच्याभोवती दहा तुकड्या आहेत. प्रत्येकीत दहा गुणांची भर, एकूण शंभर. नायकाची किंमत वसूल झाली. लहान फौजेत त्याच्याभोवती तीनच तुकड्या. भर तीस गुणांची, किंमत मात्र शंभर. सत्तर गुण पाण्यात गेले. ज्या फौजेचा सारा भरवसा अशा नायकांवर आहे ती फौज लहान होताच लंगडी होते. जिची प्रत्येक तुकडी स्वतःच्या पायावर उभी आहे ती शेर होते. समतोल सुधारला नाही. अन्यायाने बाजू बदलली.

उलट टोकाचा दाखला अजस्र यंत्रांचा. या खेळात ‘इम्पीरियल नाइट’ नावाची चालती यंत्रे आहेत. एकेकाची किंमत चारशे गुणांच्या आसपास. दोन हजारांच्या लढतीत समोरच्याने रणगाडे फोडणारी तीन-चार हत्यारे ठेवलेलीच असतात, कारण काय समोर येईल हे ठाऊक नसते. पाचशेच्या लढतीत असे एकच यंत्र म्हणजे चार पंचमांश फौज. आणि समोरच्याच्या पाचशे गुणांत तशी हत्यारे एक तरी मावेल की नाही, याची शंका. हत्यार असेल आणि पहिल्या झटक्यात काम करील, तर यंत्रवाला संपला. नसेल, तर दुसरा संपला. दोन्हीकडून डाव पुस्तक उघडतानाच सुटलेला. मोठ्या फौजेत सर्व प्रसंगांची थोडी थोडी तरतूद करता येते. लहान घराच्या पगारात ज्याप्रमाणे दुखणे आणि लग्न एकाच महिन्यात भागत नाही, तसेच लहान फौजेचे आहे.

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नाही. 2018 साली स्पर्धांसाठी जी मर्यादा सुचविली गेली तीत एकाच प्रकारची तुकडी हजार गुणांपर्यंत दोनदाच, आणि दोन हजारांपर्यंत तीनदा घ्यावी, असे होते. फौज लहान झाली की कुंपणही जवळ आणावे लागते, हेच त्या मर्यादेचे म्हणणे.

तिसरी गोष्ट नशिबाची, आणि येथे बारीक फसगत आहे. फासे जितके थोडे, तितके नशीब बलवत्तर. दहा फासे टाका. चार किंवा त्याहून जास्त पडले तर गोळी लागली, असे धरा. सरासरीने पाच लागतील. पण तीन किंवा त्याहून कमी लागण्याचा योग सहांत एकदा येतो. शंभर फासे टाकले तर तीस किंवा त्याहून कमी लागण्याचा योग सुमारे पंचवीस हजारांत एकदा येतो. प्रमाण तेच, पण पहिली गोष्ट रोज संध्याकाळी घडते, दुसरी एखाद्याच्या आयुष्यात घडत नाही.

म्हणून लहान लढतींत दुबळी बाजू जास्त वेळा जिंकते, आणि लोक म्हणतात, पाहा, समतोल सुधारला! श्रोतेहो, नाणेफेकीइतका समतोल कशातच नाही. शंभरांत पन्नास तुझे, पन्नास माझे. पण नाणेफेकीत कसब कोणाचे? अन्याय दूर करणे वेगळे, आणि अन्याय दिसू नये एवढा गोंधळ करणे वेगळे. बोनस कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरविले तर तक्रारीला जागा राहत नाही, पण त्याला न्याय म्हणत नाहीत.

चौथी गोष्ट मैदानाची. मोठ्या फौजांवरची मुख्य तक्रार अशी की ज्याची पाळी पहिली तो सर्व तोफा डागतो आणि दुसऱ्याच्या हातात अर्धी फौज उरते. हे खरे आहे, पण त्याचे कारण आकडा नव्हे, दाटी. समजा प्रत्येक तोफ चारांतून एकदा समोरची तोफ फोडते. वीस तोफांनी पाच फुटतील, दहा तोफांनी अडीच. दोन्हीकडे नुकसान चौथाईच. फौज निम्मी केल्याने पहिल्या पाळीचा फायदा तसूभरही कमी झाला नाही. तो कमी होतो केव्हा? तोफेच्या टप्प्यात थोडे लोक असतील, मध्ये टेकडी असेल, भिंतीचा आडोसा असेल, तेव्हा.

वॉरहॅमरच्या 2020 सालच्या नवव्या आवृत्तीत लढतीचे चार आकार आणि प्रत्येकासाठी टेबलाचे किमान माप दिले होते. हजार गुणांसाठी 44 इंच बाय 30 इंच, दोन हजारांसाठी 44 बाय 60, तीन हजारांसाठी 44 बाय 90. भागाकार करून पाहा : तिन्ही ठिकाणी चौरस इंचाला पाऊण गुणाच्या आसपास, अगदी तेच उत्तर येते. हजारांची लढत म्हणजे दोन हजारांच्याच लढतीचा अर्धा तुकडा. दाटी जशीच्या तशी. पाचशेच्या लढतीला मात्र हजारांचेच टेबल दिले होते, म्हणून तेथे दाटी निम्मी झाली. ज्या खेळाडूंना पाचशेच्या लढतीत मोकळा श्वास घेता आला त्यांनी त्याचे श्रेय फौजेच्या लहानपणाला दिले. खरे श्रेय मोकळ्या जागेचे होते. तोच मोकळेपणा मोठ्या फौजेला मोठे टेबल आणि जास्त टेकड्या देऊनही मिळविता येतो.

मग लहान फौजेचा समतोल साधतच नाही काय? साधतो; पण जेथे लहानपण हेच मूळ माप धरून खेळ रचला आहे तेथे. 1990 साली इंग्लंडात फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ हा प्राचीन युद्धांचा खेळ काढला. त्यात प्रत्येकाची फौज बाराच तुकड्यांची. गुण नाहीत, किमती नाहीत. चार तुकड्या गमावल्या आणि समोरच्याने तुमच्याहून कमी गमावल्या असल्या, की तुम्ही हरलात. तासाभरात निकाल. हत्तीची तुकडी आणि हलक्या भालाफेक्यांची तुकडी, दोन्ही एकेकच मोजायच्या. हे कसे चालते? हत्ती दाट पायदळाला तुडवितो, पण हलके भालाफेके हत्तीला हैराण करतात. भालाफेक्यांना मोकळ्यावर घोडेस्वार गाठतात. घोडेस्वारांची खडबडीत जमिनीवर मात्रा चालत नाही. प्रत्येकाला कोणी ना कोणी वरचढ आहे. शिवाय त्यातल्या फौजांच्या याद्यांत कोण कोणाशी इतिहासात लढला ते दिलेले आहे. जोड्या काळाने जुळविलेल्या आहेत. येथे मोठ्या खेळाचे दर लहान खेळाला लावलेले नाहीत. घर आधी लहान आखले, मग भिंती उभ्या केल्या.

वॉरहॅमरवाल्यांनीही 2023 सालच्या दहाव्या आवृत्तीत हीच दिशा धरली. त्यांच्या ‘कॉम्बॅट पेट्रोल’ या लहान लढतीत खरेदीच बंद केली. एका पेटीत जेवढे पुतळे येतात तेवढीच फौज, आणि त्या लढतीपुरते वेगळे नियम. सर्व पेट्या तोलामोलाच्या ठरल्या असे खेळणारे म्हणत नाहीत. तरी निदान मोठ्यासाठी ठरविलेला दर लहानाच्या गळ्यात मारण्याचे बंद झाले.

आणि आता वेल्सकडे परत जाऊ. त्याच्या पुस्तकात किमतींचे कोष्टक नाही, पण एक नियम असा आहे की तो आपल्या कोणत्याही गावातल्या म्हाताऱ्याने केला असता. रणभूमी, म्हणजे घरे, झाडे, टेकड्या, एकाने मांडायच्या. आणि कोणत्या बाजूने लढायचे ते दुसऱ्याने निवडायचे. भावाभावांच्या वाटणीत आपण हेच करतो : एकाने वाटे पाडावेत, दुसऱ्याने पहिला वाटा उचलावा. पाडणारा आपण होऊन समान पाडतो, कारण वाईट वाटा त्याच्याच पदरी यायचा. या नियमाला फौज लहान की मोठी याच्याशी कर्तव्य नाही. लाख गुणांच्या फौजेलाही तो लागू पडेल.

बुद्धिबळाकडून दुसरा धडा. तेथे मोहरे तंतोतंत समान, तरी पांढऱ्याला पहिली खेळी मिळते आणि एकूण निकालांत त्याच्या वाट्याला शंभरांपैकी चौपन्न-पंचावन्न गुण जातात. म्हणून बुद्धिबळवाल्यांनी मोहरे कमी केले काय? नाही. त्यांनी रंग बदलून पुन्हा डाव मांडला. एक डाव तू पांढरा, एक डाव मी. एका डावातला अन्याय राहतो, पण दोन डावांचा हिशेब सरळ होतो.

येथे लहान फौजेची खरी थोरवी हाताला लागते. दोन हजारांचा एक डाव तीन तास घेतो. त्याच तीन तासांत लहान फौजेचे दोन-तीन डाव होतात. पहिला डाव हरलात तर फौजांची अदलाबदल करा : तुझी फौज माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. दोन्ही वेळा तीच फौज जिंकली तर दोष फौजेचा. दोन्ही वेळा तोच माणूस जिंकला तर मान माणसाचा. मोठ्या डावात हे कळायला महिना लागेल. लहान डाव स्वतः न्यायी नाही, पण तो परत मांडता येतो, आणि फाशांचा लहरीपणाही परत परत मांडल्यानेच वठणीवर येतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. हे पुतळे विकत घ्यावे लागतात, जोडावे लागतात, हाताने रंगवावे लागतात. जी कंपनी पुतळे विकते तीच नियम लिहिते आणि तीच किमतींचे गुण ठरविते. विक्रेता, कायदेमंडळ आणि लवाद एकाच छपराखाली. त्यात वाईट हेतू आहे असा आमचा आरोप नाही. पण आज भारी असलेली तुकडी सुधारणापत्रकाने उद्या हलकी झाली, तर ज्याच्या खिशात पैसा आहे तो परवा दुसरी आणतो. ज्याने वर्षभर पैसा जमवून एकच फौज उभी केली, तो तिच्यासह मागे राहतो. मोठ्या फौजेत ही दरी मोठी, लहान फौजेत ती एका पेटीएवढी. समतोलाच्या कोष्टकात हा आकडा कोठेच लिहिलेला नसतो. पण पगारदाराच्या घरातला मुलगा टेबलाशी बसू शकतो की नाही, ते यानेच ठरते. जो बसलाच नाही, त्याच्या दृष्टीने टेबलावरचा समतोल काय कामाचा?

तेव्हा लहान फौजेने खेळू पाहणाऱ्यांना आमचे मागणीपत्र थोडक्यात असे. एक, मोठ्या लढतीचे दर डोळे मिटून लावू नका. कोणत्याही एका मोहऱ्याने फौजेच्या चौथाईहून जास्त गुण खाऊ नयेत, अशी मर्यादा आपसांत ठरवा. दोन, फौज निम्मी केली म्हणून टेबल निम्मे करू नका, आणि आडोसे भरपूर ठेवा. तीन, रणभूमी एकाने मांडावी, बाजू दुसऱ्याने निवडावी. चार, एका डावावर निकाल लावू नका. फौजा बदलून दुसरा डाव मांडा. यांतली पहिली अट सोडली, तर बाकीच्या तीन मोठ्या फौजांनाही तितक्याच लागू आहेत. लहान फौजेने एवढेच होते की त्या पाळणे वेळेच्या आणि पैशाच्या आवाक्यात येते.

आकार लहान केला की न्याय आपोआप येतो, हा समज पटावर टिकत नाही, आणि आमच्या अनुभवात तो कारखान्यातही टिकत नाही. पन्नास माणसांच्या वर्कशॉपात पाच हजारांच्या गिरणीपेक्षा जास्त न्याय असतोच असे नाही. लहान जागेत एवढेच असते की मालक आणि कामगार एकमेकांचा चेहरा पाहू शकतात, आणि चुकलेला हिशेब दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडता येतो. तो मांडायला कोणीतरी उठावे लागते.